कोरडा हात कोणाचा?

आत्या मत द्यायला जात नव्हती, कारण तिचे हात निळे होते. हे वाक्य मी एकदा एका सभेत म्हटलं तेव्हा पुढच्या खुर्च्यांवरची माणसं हसली. त्यांना वाटलं, मी काहीतरी अलंकारिक बोलतोय. मला अलंकार येत नाहीत. निळे म्हणजे निळे. नखांपासून कोपरापर्यंत, धुऊन न जाणारे.

सभेचा विषय होता 'मतदान का घटतंय'. एका गृहस्थांनी पडद्यावर एक रेघ दाखवली, डावीकडून उजवीकडे घसरत जाणारी. लोक उदासीन झालेत, असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा घेतला. त्या रेघेच्या नेमक्या कुठल्या उतारावर आत्या बसली आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे मी कप तसाच खाली ठेवला. म्हणून आज आत्याबद्दल लिहितोय. उदासीन हा शब्द वापरण्याआधी ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं.

आमच्या गल्लीत रंगाचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक लांबच लांब खोली, डोक्यावर पत्रा, जमिनीत पुरलेले हौद आणि मागच्या अंगणात दोऱ्यांवर टांगलेल्या सुताच्या लडी. निळीचा हौद वरून पाहिला तर निळा दिसत नाही. हिरवट पिवळा दिसतो. त्यात बुडवलेली लड बाहेर काढली की तीही हिरवीच असते, मग तिला हवा लागते आणि बघता बघता ती निळी होत जाते. नवा माणूस हे पाहताना तोंड उघडं टाकतो. जुन्या बायका त्याला म्हणतात, "मीट ते, नाहीतर जीभ पण रंगेल."

हातमोजे आहेत. खिळ्याला लटकलेले आहेत, तपासनीस आला की घालायला. एरवी घातले तर ओल्या सुतातली गाठ बोटांना लागत नाही, आणि गाठ राहिली की लड डागाळते. मग मुकादम बोलतो. मुकादमाचं बोलणं ऐकण्यापेक्षा निळे हात बरे.

आता या खोलीतली एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रोज सकाळी मुकादम विचारतो, "आज कोरडा हात कोणाचा?" जिचा वार असेल ती म्हणते, "माझा." त्या दिवशी ती हौदात हात घालत नाही. पांढरं सूत ती उचलते, तयार माल ती घडी घालते, दाराशी कोण आलं ते ती बघते. आणि बाकीच्यांचे हात भरलेले असल्यामुळे त्यांची सगळी बारीकसारीक कामंही तीच करते. तोंडाला पाण्याचा पेला लावायचा, डोळ्यावर आलेले केस कानामागे सारायचे, नाक खाजवून द्यायचं. शेवटचं काम सगळ्यात जास्त असतं. हात रंगात गेले की नाकाला कसं कळतं कोण जाणे. कोरडा हात म्हणजे एक दिवसाचा आराम, आणि त्या दिवसासाठी बायका आठवडा आठवडा वाट बघतात.

आत्या या खोलीत लग्नाआधी आली आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिली. ती माझी सख्खी आत्या नव्हे. सख्खी आहे ती तिच्या भाचीची, भावाच्या मुलीची. भाऊ आणि वहिनी कामासाठी लांब गेले, पोरगी आत्याकडे वाढली आणि तिच्यामागोमाग अख्खी गल्ली आत्या म्हणायला लागली. आत्या बुटकी आहे, आवाज खर्जातला, आणि माणसाला एकदा जे नाव ठेवलं ते कायमचं. मला ती भोंग्या म्हणते. मी गटारासाठी, दिव्यासाठी, रेशनसाठी गल्लोगल्ली ओरडत फिरतो, म्हणून. तिचं म्हणणं, भोंगा कामाचा असतो, पण कोणीतरी त्याचं बटण हातात ठेवायला हवं.

पूर्वी आत्या दर निवडणुकीला मत द्यायची. केंद्र गल्लीच्या टोकाच्या शाळेत असतं. एका वर्षी ती कारखान्यातून तशीच रांगेत जाऊन उभी राहिली. नंबर आला. टेबलामागच्या साहेबाने तिच्या बोटाकडे पाहिलं. मत दिलेल्याच्या बोटाला शाई लावतात, आणि आत्याच्या बोटाला शाईच शाई. साहेब म्हणाला, "एकदा देऊन झालं ना? परत कशाला आलीस?" ती सांगू लागली तर तो म्हणाला, "बाजूला हो, मागे लोक आहेत." यादी उघडून बघण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. दारावरच्या शिपायाने तिला दंडाला धरून पायऱ्यांपर्यंत आणलं. रांगेतलं कोणीतरी म्हणालं, "एवढी हौस मतदानाची?" आणि रांग हसली.

रांगेत आमच्याच गल्लीतली माणसं होती.

आत्याने त्या दिवशी कोणाला काही सांगितलं नाही. पुढच्या निवडणुकीला ती गेली नाही. विचारलं तर म्हणाली, "त्या शाळेची पायरी मी चढणार नाही." ती नाही म्हणून कारखान्यातल्या बाकीच्या बायकाही गेल्या नाहीत. काही भीतीने, काही रागाने, काही आपलं सोबत नाही म्हणून. मग त्यांचे नवरे, मग मुलं. मुरत मुरत पाणी पार पायापर्यंत गेलं. मत मागायला येणारेही हुशार असतात. ज्या गल्लीतून मत निघत नाही त्या गल्लीत गाडी वळत नाही. आमचं गटार तुंबलं की रंगाचं पाणी घरांच्या उंबऱ्याला लागतं, आणि ते साफ करायला यायचं की नाही हे ठरवणाऱ्यांच्या हिशेबी आम्ही नव्हतोच.

मी घरोघरी जाऊन समजावलं. भांडलो पण. आत्याने एकदा चहाचा कप माझ्या हातात देऊन सांगितलं, "भोंग्या, तुझं म्हणणं खरं आहे. पण तुला कोणी दंडाला धरलेलं नाही."

मग भाची मोठी झाली. तीही कारखान्यात लागली, तिचं नाव मतदार यादीत आलं, आणि निवडणूक लागली तेव्हा जेवताना तिने आत्याला सांगितलं, "मी मत देणार आहे."

आत्या म्हणाली, "जेव."

"आत्या, गटाराचं पाणी काल माझ्या अंथरुणापर्यंत आलं होतं."

"गादी वर घे."

"किती वर घेऊ? पत्र्याला लावू?"

आत्याने तिच्या हातांकडे पाहिलं. मी तिथेच होतो, कारण मला त्या घरी जेवायला बोलवावं लागत नाही. आत्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिला दिसत होतं ते मलाही दिसलं. ती पायरी, ती रांग, आणि पोरीच्या दंडावर शिपायाचा हात. पहिल्याच वेळी हे झालं तर पोरगी आयुष्यात पुन्हा त्या दाराकडे बघणार नाही, हे आत्याइतकं कोणाला कळणार?

दुसऱ्या दिवशी मुकादमाने नेहमीसारखं विचारलं, "आज कोरडा हात कोणाचा?"

वार आत्याचा होता. ती म्हणाली, "भाचीचा."

"तिचा झाला की परवा."

"माझा तिला दिला."

मुकादम म्हातारा आहे, पण बहिरा नाही. त्याने कारण विचारलं. आत्या म्हणाली, "तिचे हात मतदानापर्यंत धुऊन निघाले पाहिजेत. कातडीचा रंग आठवड्यात जातो, नखांतला जायला वेळ लागतो." पुढच्या दिवशी जिचा वार होता ती बाई हौदात हात घालता घालता म्हणाली, "माझा पण तिलाच." त्यानंतर मुकादमाने विचारायचंही सोडलं. प्रत्येकीने आपला आरामाचा दिवस त्या पोरीच्या बोटांवर टाकला. मत द्यायला त्यांतली एकही जाणार नव्हती. पण एक तरी जावी, यावर सगळ्यांचं एकमत होतं. यांनाच ते सभेतले गृहस्थ उदासीन म्हणतात.

भाचीची अवस्था मात्र बिकट. दिवसभर सगळ्यांची नाकं खाजवून ती वैतागली. "मत देऊन झालं की मी पहिल्यांदा माझं स्वतःचं नाक खाजवीन," असं म्हणायची. बायका रोज तिचे हात उजेडात धरून बघायच्या, स्थळ बघायला आल्यासारख्या. निळा रंग फिका झाला, मग राखाडी झाला, मग फक्त नखांच्या कडांना राहिला. तोही तिने लिंबाने घासून काढला. मतदानाच्या दिवशी तिचे हात इतके स्वच्छ होते की तीच ते अंगापासून लांब धरून चालत होती, दुसऱ्याचे आणल्यासारखे.

त्या दिवशी कारखान्याला सुट्टी दुपारनंतर होती. भाचीला केंद्रावर न्यायला मी येऊन दारात थांबलो होतो. सकाळची लड हौदात होती, ती तशी सोडता येत नाही. भाची पेला घेऊन फिरत होती. आत्या हौदाच्या काठावर वाकून दांड्यावरची लड वर घेत होती. वयाचं म्हणा किंवा रोज दुसऱ्याच्याही वाटणीचं काम केल्याचं म्हणा, तिचं मनगट लचकलं. दांडा कलला आणि लड घसरली.

घसरणारी लड पकडायची हे रंगाऱ्याच्या हाताला शिकवावं लागत नाही. हात आधी जातो, डोकं मागून येतं. भाचीच्या हातातला पेला कुठे गेला ते कळलं नाही. तिचे दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत हौदात होते आणि लड तिच्या मुठीत होती.

तिने हात बाहेर काढले. ते हिरवे होते. सगळ्यांना माहीत होतं आता काय होणार, आणि तरी सगळे बघत राहिले. हवा लागली. बोटं निळी झाली, मग तळवे, मग मनगटं.

शेवटी मुकादम म्हणाला, "लड वाचली पण."

भाची रडली नाही. तिने लड दांड्यावर नीट लावली, हात फडक्याला पुसले आणि म्हणाली, "मी तशीच जाते."

"जाऊ नको," आत्या म्हणाली.

"का? मी चोरी केली का?"

"चोरी केली नाही म्हणून तर जास्त लागतं."

"मग मला काय लागायचं ते लागू दे. तू इथे बसून माझ्या वतीने लावून घेऊ नको."

पोरीला असं बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. आत्यानेही नसावं. ती हौदाच्या काठावर बसली. थोड्या वेळाने उठली, पदर खोचला, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "फाटकापर्यंत येते." फाटकापर्यंत आली. मग म्हणाली, "पायरीपर्यंत." पायरीशी भाची थांबली नाही. आत्या क्षणभर थांबली, खाली बघितलं आणि चढली. मी मागेच होतो. मलाही मत द्यायचं होतं, पण खरं सांगायचं तर मी भांडायच्या तयारीने आलो होतो. बाह्या आधीच वर होत्या.

शाळेचाच वर्ग होता. भिंतीवर मुलांनी काढलेली घरं, सगळ्या घरांतून धूर निघत असलेली. टेबलामागे एक तरुण शिक्षिका, तिच्या शेजारी केंद्राचा मुख्य, पांढऱ्या मिशांचा, घामाघूम. भाचीने कार्ड दिलं आणि हात पुढे केला. शिक्षिकेने हात पाहिला. मग चेहरा पाहिला.

"तुम्ही... आधी देऊन गेलात का?"

भाचीने नुसती मान हलवली. मी तोंड उघडलं. आत्याने माझ्या पायावर पाय दिला. "भोंग्या, बटण बंद."

मग ती पुढे झाली आणि आपले दोन्ही हात टेबलावर ठेवले, तळवे खाली, बोटं पसरून. भाचीचेही हात ओढून शेजारी ठेवले.

"बाई, नीट बघा. तुमची शाई एका बोटाला लागते. इथे वीसच्या वीस निळी आहेत. एवढी मतं टाकत बसायला आम्हाला कामावरून कोण सोडतं?"

रांगेत हसू फुटलं. या वेळचं हसू वेगळ्या बाजूचं होतं. शिक्षिकाही हसली, आणि तिने ते केलं जे पहिल्या साहेबाने करायला हवं होतं. यादी उघडली. भाचीच्या नावापुढे काही खूण नव्हती.

"नाव ठीक आहे," ती म्हणाली. "पण आता मी शाई लावू कुठे? लावली तरी दिसणार नाही."

मुख्य साहेबाने पुस्तक काढलं, चष्मा पुसला. "नियमात बोट म्हटलंय."

मागून एक जण म्हणाला, "साहेब, यांना बाजूला करा ना, आम्हाला उशीर होतोय."

आत्या वळली. आवाज चढवला नाही. "मागे एकदा बाजूला झाले होते, दादा. तेव्हापासून बाजूलाच आहे. आज नाही होणार."

तो माणूस आमच्या पलीकडच्या आळीतला सुतार. त्याने मान खाली घातली आणि पुढच्याला म्हणाला, "थांबू की जरा. काय आग लागली आहे?"

मुख्य साहेब पानं उलटत होता. फोन लावला, लागला नाही, परत पानं उलटली. शेवटी एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ज्यांना बोटं नाहीत त्यांच्या हातावर वर कुठेतरी खूण चालते."

"मग आम्हाला बोटं नाहीत असं धरा," आत्या म्हणाली. "कामाच्या वेळी ती आमची नसतातच."

भाचीने तोवर बाही दंडापर्यंत सारली होती. निळं मनगटाच्या वर संपत होतं आणि तिथून पुढे तिचा स्वतःचा रंग सुरू होत होता. शिक्षिकेने कोपराच्या वर शाईची जाडसर रेघ ओढली. पोरगी पडद्याआड गेली. आली तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला, पण त्याचं वर्णन करणार नाही. ज्याने त्याने आपलं पहिलं मत आठवावं.

शिक्षिकेने आत्याला विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी हिला सोडायला आले."

"कार्ड आहे का?"

आत्याने पिशवीत हात घातला आणि कार्ड बाहेर काढलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, कडा निळ्या झालेल्या. भाची बघतच राहिली. "आत्या, तू कार्ड घेऊन आलीस?"

"पिशवीतच असतं."

"कधीपासून?"

"पिशवी काय बघतेस माझी? सर पुढे."

दंडावर, ज्या जागी शिपायाने धरलं होतं, साधारण तिथेच रेघ आली. मी हे मुद्दाम जोडत नाही. कोपराच्या वर दुसरी जागाच नसते.

आत्या पडद्याआडून बाहेर आली तेव्हा मुख्य साहेबाने मला विचारलं, "असे अजून कोणी आहेत का?"

मी म्हणालो, "अख्खी गल्ली आहे."

त्याने मिशीवरून हात फिरवला आणि शिक्षिकेला म्हणाला, "शाईची दुसरी बाटली काढून ठेवा." शिपायाला त्याने टेबलाशेजारी एक बाक लावायला सांगितला, कोपर टेकवायला. वाईट माणूस नव्हता. वाईट माणसांपेक्षा पुस्तक न उघडणारी माणसं आमचं जास्त नुकसान करतात, हे मी इतक्या वर्षांत शिकलोय.

मी मत देऊन पायरीवर आलो तर आत्या खाली उभी. म्हणाली, "भोंग्या, आता ओरड."

मी ओरडलो. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लोक दारात आले. काहींनी हात हलवून परत दार लावलं, हेही लिहायला हवं. एका म्हाताऱ्याने विचारलं, गटार आज साफ होणार का? मी म्हणालो, आज नाही. तो म्हणाला, मग उद्या बोलव. पण कारखान्यातून बायका निघाल्या. आधी दोघी, मग चौघी, मग मोजायच्या भानगडीत मी पडलो नाही. सगळ्यांच्या बाह्या वर, भांडायला निघाल्यासारख्या. शेवटी मुकादम. त्याला विचारलं, तुम्ही का? म्हणाला, "खोलीत एकटा बसून काय करू? कोणाला बोलू?"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की या खेपेलाही मतदान थोडं घटलं. खरंच घटलं असेल. आमच्या वर्गखोलीचा वेगळा आकडा कोणी छापला नाही, आणि एका गल्लीने देशाची रेघ वळत नाही, एवढं गणित मला येतं. पण रेघ ही माणसांची बनलेली असते. प्रत्येक न आलेल्या माणसामागे एखादी पायरी असते, आणि ती कुठली हे विचारल्याशिवाय कोणी त्याला आळशी म्हटलं, तर त्याची माझ्याशी गाठ आहे.

वर्तमानपत्र आलं त्याच सकाळी मी कारखान्यात गेलो होतो, गटाराच्या अर्जावर सह्या घ्यायला. मुकादमाने विचारलं, "आज कोरडा हात कोणाचा?"

बायका एकदम म्हणाल्या, "आत्याचा."

"माझा वार नाही," आत्या म्हणाली.

"सगळ्यांनी दिला."

"मनगट सुजलंय तुझं," भाची म्हणाली. "गप बस."

आत्याला बसता येईना. एवढ्या वर्षांची सवय. पांढरं सूत उचललं, परत ठेवलं. पेला भरला, कोणाला तहान नव्हती. बाही तिने खाली केली नव्हती, रेघ दिसत होती. तेवढ्यात हौदापाशी वाकलेली भाची म्हणाली, "आत्या, नाक."

आत्या गेली, आणि तिने पोरीचं नाक खाजवून दिलं. चांगलं जोरात.

"डावीकडे," भाची म्हणाली.

"मत कोणाला दिलंस ते सांग, मग डावीकडे."

"तुला कशाला सांगू?"

"शहाणी आहेस," आत्या म्हणाली, आणि डावीकडे खाजवलं.